जुनी कॅसेट आणि ‘एचडी’: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

“टीव्हीवर जुन्या मालिका आता कशा चकचकीत दिसतात, तशी आमच्या लग्नाची कॅसेट एचडी करून मिळंल का?” आमच्या सांगलीच्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. व्हीएचएस कॅसेट (घरी व्हीसीआर या यंत्रात घालून टीव्हीवर बघायची ती व्हिडिओ कॅसेट) असेल तर आमचं उत्तर ‘नको’ असं असतं. त्यामागचं कारण गर्दीच्या वेळी काउंटरवर नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा.

सगळं अडतं ते मूळ चित्रण कशावर झालं यावर. ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका १९९४ ते २००४ या काळात ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली. त्या वेळी लोकांनी टीव्हीवर पाहिलं ते त्या फिल्मवरून उतरवलेलं साधं चित्र. खरा तपशील फिल्मच्या डब्यात तसाच पडून होता. तो स्कॅन करून २०१२ मध्ये ब्लू-रे, म्हणजे एचडी चित्राची डिस्क, निघाली आणि चित्र स्वच्छ दिसलं, कारण ते आधीपासूनच तिथे होतं.

तुमच्या कॅसेटमागे असा डबा नाही. लग्नात खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या व्हिडिओवाल्याने थेट टेपवरच रेकॉर्डिंग केलं. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो. कॅसेट नीट उतरवली की ७२० बाय ५७६ ठिपक्यांची (पिक्सेलची) फाइल होते, म्हणजे चार लाखांहून थोडे जास्त ठिपके. फुल एचडीत ते वीस लाखांच्या वर असतात. दर पाच ठिपक्यांतला एक तुमच्या कॅसेटचा आणि उरलेले चार संगणकाने अंदाजाने भरलेले, असा तो हिशेब आहे.

हा अंदाज कसा चुकतो ते आम्ही स्वतः पाहिलं आहे. मिरजेच्या एका कुटुंबाने वारलेल्या आजोबांचा सत्काराचा व्हिडिओ आणला होता. हौसेने आम्ही तो चेहरे सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, मिशीचे केस एकेक मोजता येतील असे झाले, डोळे पाणीदार झाले. त्यांची मुलगी दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, “हे आमचे नाना नव्हेत.” ती फाइल आम्ही पुसली आणि साधी, मूळ चित्राला धरून केलेली प्रत दिली. तेव्हापासून घरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर ते सॉफ्टवेअर आम्ही चालवत नाही.

फिल्म हाताशी असली तरी पैसे सुटतातच असं नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचं चित्रीकरण फिल्मवर होतं, पण एडिटिंग आणि यानांची दृश्यं टेपवर केलेली होती. त्यामुळे एचडी करायची म्हणजे १७८ भागांतला एकेक शॉट मूळ रिळांतून शोधायचा, स्कॅन करायचा, मालिका पुन्हा जोडायची आणि कित्येक दृश्यं नव्याने घडवायची. २०१२ ते २०१४ या काळात हे काम डोळ्यांचं पारणं फिटेल असं झालं. पण तोवर लोक डिस्क विकत घ्यायचं सोडून इंटरनेटवर बघायला लागले होते आणि विक्री अपेक्षेएवढी झाली नाही. त्याच घराण्यातली ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिकाही फिल्मवरच चित्रित झालेली, तरी ती अजून एचडीत आलेली नाही. जी मालिका वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वाहिन्यांना आणि ओटीटीला पुन्हा पुन्हा विकता येते, तिलाच हा खर्च पेलतो.

सांगली ही नाट्यपंढरी. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या नाट्यप्रयोगांच्या कॅसेट घेऊन हौशी मंडळीही येतात. एचडी करून यूट्यूबवर टाकू, थोडे पैसे सुटतील, अशी आशा असते. त्यांना आम्ही मनापासून सांगतो, पैसे आवाजावर घाला. गुणगुण कमी करून संवाद स्वच्छ केले तर माणूस शेवटपर्यंत बसतो. शब्दच कळले नाहीत तर नुसत्या चित्रासाठी कुणी थांबत नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने १९८७ सालचं ‘रामायण’ पुन्हा लावलं, तेव्हा घरंच्या घरं टीव्हीसमोर बसली. ती काही चित्राच्या रेघा मोजायला बसली नव्हती.

मग पैसे कुठे घालावेत? चांगल्या अवस्थेतला व्हीसीआर, चित्राची थरथर आवरणारा टाइम बेस करेक्टर आणि माणसाचा वेळ, यांवर. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्याला जवळची वाट नाही. आणि उशीर करू नका. जपानमधल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आमची यंत्रं आम्ही जुन्या यंत्रांचे सुटे भाग काढूनच चालू ठेवली आहेत.

घरात सुपर एट किंवा १६ मिमी फिल्मची रिळं असतील तर मात्र एचडी स्कॅन जरूर करा. तिथे दिलेला पैसा पडद्यावर दिसतो.

कुठेही काम द्या, एक गोष्ट बजावून सांगा: चित्राचा आकार बदलू नका. जुनं चित्र ४:३ आकाराचं असतं. नव्या टीव्हीचा पडदा भरायचा म्हणून ते वरखाली कापलं तर पाव चित्र जातं. आमच्याकडे दुसरीकडून करून आणलेली एक फाइल आली होती. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नवरीच्या मुंडावळ्याच गायब होत्या. कापण्याऐवजी ताणलं तर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

कृष्णाकाठच्या घरांसाठी थोडं वेगळं. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि तळमजल्यावरच्या कपाटांत गाळ शिरला. अशी कॅसेट ‘चालते का बघू’ म्हणून व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप फाटते आणि यंत्राचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भागही जातो. उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका. आहे तशी घेऊन या. टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर बाकीच्या कॅसेटपासून वेगळ्या पिशवीत आणा. आम्ही ती उघडून, हाताने साफ करून, नव्या खोक्यात चढवून मगच लावतो.

तयार फाइल तासाला १३ जीबीच्या आसपास असते, मोबाइलसाठी छोटी प्रत वेगळी देतो. मोठी फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक पुराचं पाणी पोचत नाही अशा ठिकाणी, विट्याच्या मामांकडे किंवा पुण्यातल्या लेकीकडे.

कॅसेट आणाल तेव्हा तिचं मूळ कव्हरही आणा. त्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलेली तारीख आणि नावं आम्ही फाइलच्या नावात घालतो, आणि कव्हरचा फोटो काढून सोबत देतो.