वस्ती आणि शिक्षण : मुंबईतील अभ्याससाधने

मूल ज्या वस्तीत वाढते तिचा त्याच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हे तपासताना कोणते कागद आधाराला घ्यावेत, हा शिक्षणाच्या समाजशास्त्रातला प्रश्न. मुंबईत तो जास्तच किचकट होतो. शाळेच्या कागदाला घर माहीत नसते आणि घराच्या कागदाला मुलाची इयत्ता.

सहज हाती लागते ती ‘यू-डायस प्लस’ची, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीची, माहिती. २०२२-२३पासून ती विद्यार्थीनिहाय गोळा होते, पण शाळेच्या नावावर. गोवंडीच्या बैंगनवाडीतून चेंबूरला शिकायला जाणारी मुलगी चेंबूरच्या पटावरच दिसणार. घरोघरी जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासणारे ‘असर’ सर्वेक्षण (२००५पासून) ही अडचण टाळते, पण ते ग्रामीण भागापुरते.

अभ्यासकाने खरा वेळ द्यावा तो शाळेच्या जनरल रजिस्टरला. प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, जात, शाळा सोडल्याचे कारण असे सगळे एका ओळीत मिळते. मात्र ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांत आजारपण, गावी जाणे, झोपडी तुटणे असे काहीही दडलेले असू शकते. जन्मतारखांचेही तेच. जुन्या रजिस्टरांत १ जूनला जन्मलेली मुले इतकी भेटतात, की ती तारीख शाळेत अंदाजाने लिहिली गेली हे उघड आहे. वयावरून कोण वर्ग मागे आहे हे मोजायचे असेल, तर या नोंदी आधी बाजूला काढाव्यात.

वस्तीची हद्द हा दुसरा पेच. महापालिकेचे प्रशासकीय विभाग वेगळे, २२७ निवडणूक प्रभाग वेगळे. एम-पूर्व या प्रशासकीय विभागात झोपडपट्टीचे गोवंडीचे शिवाजीनगर येते आणि अणुऊर्जा कर्मचाऱ्यांची वसाहत असलेले अणुशक्तीनगरही. या दोहोंची सरासरी काढली, तर हाती येणारा आकडा दोन्हींपैकी एकाही वस्तीचा नसतो. शिवाय जनगणनेची शेवटची उपलब्ध आकडेवारी २०११ची. त्यानंतर कित्येक वस्त्या उठल्या, कित्येक वसल्या.

उठलेल्या वस्त्यांचा माग काढायला पुनर्वसनाची कागदपत्रे कामी येतात, आणि ती पुरेशी वापरली जात नाहीत. १९७६च्या झोपडपट्टी गणनेनंतर दिलेले फोटोपास (झोपडीधारकांची छायाचित्र असलेली ओळखपत्रे) किंवा पात्र झोपडीधारकांची यादी असलेले ‘परिशिष्ट-२’ यांत जुना ठावठिकाणा कळतो. रेल्वे प्रकल्पासाठी हलवलेली रेल्वेमार्गाकडेची कुटुंबे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत गेली. त्यांच्या मुलांच्या शाळा बदलल्या की सुटल्या, हे या याद्या आणि रजिस्टरे शेजारी ठेवून पाहता येते. अमेरिकेत १९९४मध्ये सुरू झालेल्या ‘मूव्हिंग टू ऑपर्च्युनिटी’ प्रयोगात पाच शहरांतल्या कुटुंबांना गरीब वस्तीतून बाहेर पडण्यासाठी सोडतीने घरभाड्याची मदत मिळाली, त्यामुळे मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांची तुलना नेटकी झाली. इथे कोण हलले ते प्रकल्पाच्या आखणीने ठरवले, म्हणून निष्कर्ष जपून काढावे लागतात.

पात्रतेच्या यादीत भाडेकरू सहसा नसतातच. त्यांच्या मुलांचा पत्ता शोधायचा तर शाळेचा प्रवेश अर्ज पाहावा. त्याला जोडलेले लाइट बिल बहुधा घरमालकाच्या नावावर असते.