आंब्याचं पान आणि चिऱ्याची भिंत, दोघांना एकच खूण

आमची कलमांची बाग देवगडजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, घरापासून साधारण चार किलोमीटर. तिथे चिऱ्यांचा, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचा मांगर (बागेतलं छोटं घर) आहे, मांगराला लागून हापूसचं एक जुनं कलम, आणि समोरच्या खांबावर मी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडलेला एक छोटा कॅमेरा लावलाय, सोलरवर चालतो. एरवी काही त्रास नाही, पण जुलै लागला की रेंजची एकच दांडी उरते आणि तीही वाऱ्याबरोबर हलते, तीन एमबीचा फोटो मागवला की अर्ध्यात अडकतो आणि परत पहिल्यापासून. यंदा एका रात्री असा वारा सुटला की सकाळी बाबांचा एकच प्रश्न होता, कलम मांगरावर पडलं का? वाटेत झाड आडवं होतं म्हणून जायची सोय नाही, आणि फोटो काही येईना.

पण एसएसएच लागत होतं. म्हणजे काळ्या स्क्रीनवर अक्षरं टाईप करून त्या मशीनशी बोलता येत होतं, कारण अक्षरांना डेटा नगण्य लागतो. मग म्हटलं फोटो तिकडेच अक्षरांत बदलू आणि अक्षरंच मागवू. चाफा नावाचा एक फुकट प्रोग्राम हे काम फार सुंदर करतो (नाव कॅरेक्टर आर्ट फॅक्सिमिली यावरून आलंय पण मला दरवेळी फुलच आठवतं), तो तिकडे आधीच टाकून ठेवला होता. कोणी म्हणेल फोटोच बारीक करून मागवायचा, बरोबर आहे, पण तो उघडायला वेगळं काहीतरी लागतं, इथे ज्या खिडकीत कमांड दिली तिथेच चित्र उमटतं.

आतमध्ये होतं काय ते सांगतो, कारण हे कळलं तेव्हा मला स्वतःला फार आनंद झाला होता. टर्मिनल, म्हणजे तीच काळी स्क्रीन, ही चौकटींची जाळी, एका चौकटीत एक अक्षर. फोटोचे पण तेवढेच तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा सरासरी उजेड काढायचा आणि तेवढ्या उजेडाचं अक्षर तिथे ठेवायचं. अक्षराचा अर्थ इथे काही कामाचा नाही, ते चौकटीची किती जागा भरतं तेवढंच बघायचं. टिंब जवळजवळ काहीच भरत नाही, @ जवळपास पूर्ण चौकट भरतो. १९६३ साली आलेल्या आस्की कोडमध्ये (इंग्रजी अक्षरांना आणि चिन्हांना आकडे देणारी यादी) १२८ जागा आहेत, त्यातली छापता येण्यासारखी कॅरेक्टर ९५, मोकळी जागा धरून. त्यातली दहा निवडली तरी भागतं, पहिली मोकळी जागा आणि मग ही नऊ:

. : - = + * # % @

काळ्या स्क्रीनवर @ सगळ्यात उजळ दिसतो, तेच पांढऱ्या कागदावर छापलं तर @ सगळ्यात काळा, म्हणजे क्रम उलटा करावा लागतो. तो करायचं विसरलात तर निगेटिव्ह मिळते.

अजून एक गोष्ट, टर्मिनलची चौकट चौरस नसते, रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असते. ८०० बाय ६०० चा फोटो ८० अक्षरांच्या रुंदीत बसवायचा तर एक अक्षर १० पिक्सेल रुंद आणि २० पिक्सेल उंच तुकड्यासाठी, म्हणून ओळी येतात ३०. हे लक्षात न घेता ६० ओळी छापल्या तर माणूस पोफळीसारखा लांबुळका दिसतो. ८० गुणिले ३० म्हणजे २४०० अक्षरं, एका अक्षराला एक बाईट, म्हणजे अख्खं चित्र अडीच केबीच्या आत. ते त्या एका दांडीवरसुद्धा पटकन आलं.

मी मागे एकदा हेच देवनागरीत करून बघितलेलं, वाटलं होतं दंडापासून सुरू करून 'ट', 'क' करत 'क्ष' पर्यंत छान चढण तयार होईल. जमलं नाही. एक तर शिरोरेघ, शेजारशेजारची अक्षरं वरून जोडली जातात आणि चित्रभर आडव्या रेघा उमटतात. आणि दुसरं त्याहून मोठं, टर्मिनल धरून चालतं की प्रत्येक अक्षर एका नाहीतर दोन चौकटींत बसणार, पण 'स्त्री' सारखं एक अक्षर कॉम्प्युटरसाठी सहा कोडचं असतं, आणि त्याला किती चौकटी द्यायच्या यावर सगळ्या टर्मिनलांचं एकमत नाही, त्यामुळे ओळी मागेपुढे सरकतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, चित्राचं सोडा पण साधं मराठी वाक्यसुद्धा अजून बऱ्याच टर्मिनलमध्ये नीट दिसत नाही, यावर काम व्हायला पाहिजे.

तर चित्र आलं. आभाळ भरगच्च @ आणि %, खाली मांगराच्या छपराची तिरकी कड. बाबा लॅपटॉपवर वाकले आणि म्हणाले, "ह्या काय रे? नुसती अक्षरां दिसतत." मग चष्मा काढून दोन पावलं मागे गेले आणि लगेच म्हणाले, "अरे, मांगर!"

यात चमत्कार काही नाही. जवळून बघताना डोळा अक्षरांच्या बारीक कडांमध्येच अडकतो, त्या कडा धूसर झाल्या की मोठे उजेड-अंधाराचे आकार वर येतात, आणि चेहरा किंवा घर ओळखायला मेंदूला तेवढं पुरतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लिऑन हार्मन आणि केन नोल्टन यांनी १९६६ च्या सुमारास फोटो बारीक बारीक चिन्हांमध्ये छापून नेमकं हेच तपासलं होतं, आणि पुढे १९७३ मध्ये हार्मननेच लिंकनचा चेहरा मोजक्या ठोकळ्यांत दाखवला, डोळे किलकिले केले की ओळखू येणारा. आपल्याकडे राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको, त्याच्या जवळ उभं राहिलं की पायाशी फक्त चर दिसतात.

पण आमचा खरा प्रश्न सुटला नव्हता. कलम आणि भिंत यांच्यात फरकच दिसेना, सगळीकडे एकच खूण. उजेड काढायचं जुनं आणि अजून भरपूर वापरलं जाणारं सूत्र असं आहे की लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४ आणि तिन्हींची बेरीज, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात मंद. आता ओलं आंब्याचं पान धरा, लाल ६०, हिरवा १२०, निळा ४०, बेरीज येते ९३. आणि पावसाने भिजलेला चिरा, लाल १५०, हिरवा ७०, निळा ५०, बेरीज ९२! २५६ पायऱ्या दहा खुणांमध्ये वाटल्या की दोघांच्याही वाट्याला '-' येतो. हिरवं झाड आणि तांबडी भिंत, डोळ्याला इतकी वेगळी, आणि इथे एकात एक मिसळलेली.

मग ब्रेल वापरून बघितलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणाऱ्या यादीत, आठ ठिपक्यांची ब्रेल चिन्हं आहेत, आडवे दोन आणि उभे चार ठिपके, एकूण २५६ प्रकार, म्हणजे एका चौकटीत आठ ठिपके आणि आपली ८० बाय ३० ची जाळी एकदम १६० बाय १२० ची होते. पण ठिपका एकतर आहे नाहीतर नाही, मधलं काही नाही, म्हणून फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची युक्ती लावतात. एखाद्या ठिपक्याला हवा त्यापेक्षा जास्त किंवा कमी उजेड मिळाला तर ती चूक टाकून द्यायची नाही, बंदरावर मासळीचे वाटे घालतात तसे तिचे सोळा वाटे करायचे, सात उजवीकडच्याला, पाच खालच्याला, तीन खाली डावीकडे आणि एक खाली उजवीकडे. कडा एकदम धारदार आल्या, छपराचे पत्रे मोजता आले. पण पान आणि चिरा अजून एकच.

म्हणजे रंगाशिवाय गत्यंतर नव्हतं. काही टर्मिनल खरीखुरी चित्रं दाखवतात, डेक कंपनीची १९८० च्या दशकातली सिक्सेल पद्धत त्यातलीच, एका कॅरेक्टरमध्ये उभे सहा ठिपके, पण माझ्या टर्मिनलमध्ये ती चालत नाही. अर्धा ठोकळा मात्र जवळपास कुठेही चालतो, ▀ हा. चौकटीचा वरचा अर्धा भाग अक्षराच्या रंगाचा आणि खालचा अर्धा मागच्या रंगाचा, दोन्ही रंग आपण ठरवायचे, झाले एका चौकटीत दोन चौरस पिक्सेल, ८० बाय ६०. नवीन टर्मिनल यात १ कोटी ६७ लाख रंग घेतात. फक्त दोन रंगांचे कोड आणि तो ठोकळा धरून एका चौकटीला ३५ ते ४० बाईट जातात, म्हणजे अख्खं चित्र ९० केबीच्या आसपास. अडीचवरून नव्वद!

वरून एकेक ओळ यायला लागली, मध्येच थांबायची, परत चालू. आधी राखाडी आभाळ, मग पत्रे, आणि पत्र्यांच्या डाव्या कोपऱ्यावर हिरवा डाग. माझ्या पोटात गोळा आला. अजून सातआठ ओळी आल्या तसा तांबड्या भिंतीशेजारी तपकिरी बुंधा दिसायला लागला, सरळ उभा, खालपर्यंत.

बाबांनी परत चष्मा काढला, मागे सरकले, बराच वेळ बघत राहिले. "फांदी मोडली," ते म्हणाले, "कलम उभां आसा." आणि कोयती शोधायला मागच्या पडवीत गेले.