फिशिंग

विश्वासू संस्थेचे किंवा ओळखीच्या व्यक्तीचे सोंग घेऊन संगणक वा मोबाइल वापरणाऱ्याकडून पासवर्ड, कार्डाचा तपशील, ओटीपी अशी गुप्त माहिती काढून घेण्याचा फसवणुकीचा प्रकार. यंत्रणेतील दोष हुडकून आत शिरण्याऐवजी येथे वापरणाऱ्याच्या हातूनच प्रवेश मिळवला जातो.

फिशिंगची सुरुवात नेमकी केव्हा झाली याबाबत एकमत नाही. ह्यूलेट-पॅकार्डचे संगणक वापरणाऱ्यांच्या इंटरेक्स या संघटनेपुढे १९८७ मध्ये वाचलेल्या एका निबंधात विश्वासार्ह सेवेची नक्कल करण्याच्या तंत्राचे वर्णन आहे. काही लेखक तेथूनच इतिहास सांगू लागतात. मात्र तंत्राच्या वर्णनावरून प्रत्यक्ष फसवणुकीची परंपरा सिद्ध होत नाही. ती रूढ झाली ती अमेरिका ऑनलाइन (एओएल) या इंटरनेट-सेवेवर, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. बनावट कार्डक्रमांक देऊन खाती उघडण्याची वाट एओएलने १९९५ च्या सुमारास बंद केली. तेव्हा तीच मंडळी कंपनीचे कर्मचारी म्हणून वावरू लागली आणि ‘पडताळणी’साठी ग्राहकांकडे पासवर्ड मागू लागली. एओहेल या प्रोग्रॅमने हे काम आपोआप होऊ लागले. या प्रकाराचे नावही आपल्याच प्रोग्रॅममध्ये जन्मले, असे त्याच्या कर्त्याने २०११ मध्ये लिहिले आहे. यूझनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चामंचावर या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख जानेवारी १९९६ मधला, म्हणजे एओहेलनंतरचा, असल्याने त्याच्या म्हणण्याला काळाच्या दृष्टीने बाध येत नाही. पैसे हाताळणाऱ्या सेवेवरचा पहिला ज्ञात हल्ला जून २००१ मध्ये ई-गोल्ड या डिजिटल चलनाच्या सेवेवर झाला, असे सामान्यतः धरतात.

सरसकट हजारो लोकांना एकच मेल धाडणे हा सर्वांत जुना प्रकार. त्याउलट ‘स्पिअर फिशिंग’मध्ये माणूस हेरून मजकूर रचतात. हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना मार्च २०१६ मध्ये गूगलच्या नावाने मेल आला : कोणीतरी युक्रेनमधून तुमचा पासवर्ड वापरला आहे, तो ताबडतोब बदला. शंका आल्यावर विचारणा झालीही, पण संगणक साहाय्यकाने मेल खरा ठरवला. व्यवसायात खोट्या बिलांचा उपद्रव मोठा आहे. तैवानच्या क्वांटा कंपनीच्या नावाने पाठवलेल्या बिलांवर गूगल आणि फेसबुक यांनी मिळून १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरली होती. फोनवरून केलेल्या फसवणुकीस व्हिशिंग, तर एसएमएसवरच्या फसवणुकीस स्मिशिंग म्हणतात. ‘मागील बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा महाराष्ट्रात फिरलेला एसएमएस दुसऱ्या प्रकारातला; महावितरणला त्याबाबत ग्राहकांना सावध करावे लागले.

या सर्वांत वेबपत्त्याची लबाडी तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सूक्ष्म आहे. पत्त्याचा मालक कोण, हे ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीच्या भागात शेवटाकडून ठरते, पण डोळा वाचतो सुरुवातीपासून. त्यामुळे आरंभी बँकेचे नाव, त्यापुढे टिंब आणि मग भलत्याच माणसाने नोंदवलेले नाव असले, तरी पत्ता बँकेचा वाटतो. आर आणि एन ही रोमन अक्षरे शेजारी आली की बारीक टाइपात एमसारखी दिसतात. सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या) लिपीतील काही अक्षरे तर रोमन अक्षरांहून नजरेला वेगळी करताच येत नाहीत. गॅब्रिलोविच आणि गाँटमाखेर या संशोधकांनी २००२ मध्ये हा धोका मायक्रोसॉफ्टच्या नावाचे तसे रूप प्रत्यक्ष नोंदवून मांडला. पुढे २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या नावातील पाचही अक्षरे सिरिलिकमधून घेतलेला पत्ता क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांत हुबेहूब दिसला. मिश्र लिपी ओळखणारी तपासणी होती, पण सगळी अक्षरे एकाच लिपीतली असल्याने ती चुकवली गेली. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्हही हमी देत नाही. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक, म्हणजे वाटेत कोणाला वाचता न येणारी, आहे एवढेच ते सांगते, पलीकडे कोण आहे हे नाही. क्रोमने ते चिन्ह २०२३ मध्ये काढून टाकले.

ओटीपीने हा प्रश्न सुटत नाही. बनावट पान मध्यस्थासारखे बसून ग्राहकाने टंकलेला ओटीपी त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळाला देते. फायडो या प्रमाणित पद्धतीची सुरक्षा-किल्ली (जोडायचे छोटे उपकरण) व पासकी (उपकरणात साठवलेली, पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) मात्र खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून खोट्या पानावर ती चालतच नाही.

फसलेला तो निष्काळजी, हे मत सर्रास आढळते. ते पुराव्याला धरून नाही. हार्वर्ड व बर्कली येथील संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगात उत्तम वठवलेल्या बनावट पानाने ९० टक्के सहभागींना चकवले. त्यांत वय किंवा संगणकाचा सराव यांनी फारसा फरक पडला नाही.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या दाव्यात फिशिंग हे बेकायदेशीर कृत्य मानले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाने स्वतः तपशील दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्यावरच टाकले. वरील प्रयोग पाहता ही तरतूद कठोर वाटते. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ (.bank.in) या राखीव पत्त्यावर जावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडे असून महाराष्ट्रात मोठे जाळे असलेल्या नागरी सहकारी बँकांनाही हा आदेश लागू आहे.