मोजतात त्या फेऱ्या, माणसं नव्हेत

‘यंदा इतके लाख परदेशी पर्यटक आले’ म्हटलं की तेवढी नवी माणसं आली, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आगमनाच्या आकड्यात फेऱ्या मोजतात, डोकी नव्हे. एकच बाई वर्षात तीनदा आली, की नोंदी तीन. उलट, संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत पर्यटकाचा मुक्काम 1 वर्षापेक्षा कमी हवा. म्हणजे भाड्याचं घर घेऊन पाच वर्षं राहिलेला परदेशी त्यात बसतच नाही. तो मात्र दरमहा भाडं देतो, ऐन मंदीतही किराणा भरतो, दात दुखला तर तिथल्याच डॉक्टरकडे जातो. तरीही पर्यटनाच्या जाहिराती नवख्यांसाठीच (मिरवायला आगमनाचा आकडा बरा!). आणि व्हिसासाठी खेटे घालून कंटाळलेला जुना रहिवासी तक्रार न करता सामान बांधतो.