वॉटसन फेलोशिप

अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांतून नुकतेच पदवीधर झालेल्यांना वर्षभर परदेशांत फिरून स्वतःच ठरवलेल्या विषयाचा मागोवा घेता यावा, यासाठी दिली जाणारी शिष्यवृत्ती. आयबीएम कंपनीची धुरा १९१४ पासून चार दशके सांभाळणारे थॉमस जे. वॉटसन (थोरले) यांचे १९५६ मध्ये निधन झाले. त्यांच्या पत्नी जेनेट यांनी १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक प्रतिष्ठान स्थापन केले. शिक्षण आणि जागतिक घडामोडी यांविषयी वॉटसन दांपत्याला असलेली आस्था लक्षात घेऊन त्यांच्या मुलांनी १९६८ मध्ये ही फेलोशिप सुरू केली आणि पुढे तेच प्रतिष्ठानाचे मुख्य कार्य झाले.

पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा विद्यार्थी प्रथम आपल्या महाविद्यालयात निवडला जातो आणि महाविद्यालयाने शिफारस केलेल्यांमधून प्रतिष्ठान मुलाखती घेऊन दरवर्षी साधारण ४० जणांची निवड करते. अलीकडच्या वर्षांत शिष्यवृत्तीची रक्कम ४०,००० डॉलर आहे. प्रवास, निवास आणि जेवणखाण हे सर्व त्यातूनच भागवायचे असते. कोणत्या देशात किती दिवस राहायचे, कोणाला भेटायचे, मधेच बेत बदलायचा का, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

या फेलोशिपचे वेगळेपण तिच्या नियमांत आहे. बारा महिने मायदेशी परतता येत नाही. निवडलेला विद्यार्थी मूळचा परदेशी असेल, तर त्याला अमेरिकेतही येता येत नाही आणि स्वतःच्या देशातही जाता येत नाही. पूर्वी जेथे राहून झाले आहे किंवा शिकून झाले आहे, असे देश सहसा वगळावे लागतात. कोणत्याही विद्यापीठात रीतसर प्रवेश घेता येत नाही आणि पगारी नोकरीही करता येत नाही. दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा लागतो. मात्र गुण, प्रबंध किंवा पदवी यांपैकी काहीही वर्षाअखेरी अपेक्षित नसते. यांतील बारा महिन्यांचा नियम वरकरणी जाचक वाटतो, पण सर्व योजनेचा कणा तोच आहे. घरी धाव घेण्याची वाट बंद असल्यामुळे आखलेला बेत फसला, ओळख काढून ठेवलेला माणूस भेटलाच नाही किंवा एकटेपण असह्य झाले, तरी तिथल्या तिथे नवा मार्ग शोधावा लागतो. निवड करतानाही प्रकल्पाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष तो घेऊन निघालेल्या व्यक्तीकडे दिले जाते.

अशा मोकळिकीतून काय घडू शकते, हे रंगभूमी दिग्दर्शिका ज्यूली टेमॉर यांच्या उदाहरणावरून दिसते. ओबर्लिन महाविद्यालयातून १९७४ मध्ये पदवी घेतल्यावर त्या या फेलोशिपवर आशियात गेल्या. बालीतील त्रुन्यान गावी एका रात्री त्या वडाखाली अंधारात बसल्या असताना योद्ध्यांचे वेश केलेले वीस-तीस वृद्ध हाती भाले घेऊन समोरच्या रिकाम्या चौकात आले आणि पौर्णिमेच्या चांदण्यात नाचू लागले. पाहायला कोणीही नव्हते. टेमॉर तेथे आहेत याचा त्यांना पत्ताही नव्हता. ते देवासाठी नाचत होते. टेमॉर यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. त्या इंडोनेशियात सुमारे चार वर्षे राहिल्या आणि तेथे त्यांनी स्वतःची नाटकमंडळी उभी केली. ‘द लायन किंग’साठी १९९८ मध्ये त्यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीवरील मानाचा पुरस्कार मिळाला, संगीतिकेच्या दिग्दर्शनासाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

या कल्पनेला पूर्वपरंपरा आहे. फ्रेंच बँकर आल्बेर कान यांनी १८९८ मध्ये तरुण शिक्षकांसाठी जगप्रवासाची शिष्यवृत्ती सुरू केली आणि १९०५ पासून ती स्त्रियांनाही खुली झाली. पुस्तकी शिक्षण पुरे झालेल्या शिक्षकाने वर्गात उभे राहण्यापूर्वी जग डोळ्यांनी पाहावे, हा तिचा हेतू होता. १९४६ च्या कायद्याने सुरू झालेल्या अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट योजनेतही पदवीधर परदेशी जातात. परंतु तेथे बहुधा एकच देश ठरलेला असतो आणि संशोधनासाठी यजमान संस्थेची साथ असते. वॉटसन फेलोला ती साथ नसते. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील बॉन्डरमन फेलोशिप या दृष्टीने तिच्या अधिक जवळची असून तीत आठ महिने एकट्याने प्रवास करणे आणि किमान सहा देशांत जाणे अपेक्षित असते.

वॉटसन फेलोशिपची मोठी मर्यादा म्हणजे तिचे प्रवेशद्वार. संलग्न महाविद्यालये जेमतेम ४० असून ती मुख्यतः लहान, खासगी आणि महागडी आहेत. अर्जदार कोणत्याही देशाचा नागरिक असू शकतो; पण मोठ्या सरकारी विद्यापीठांतील विद्यार्थी कितीही कल्पक असला, तरी त्याला येथे अर्ज करता येत नाही.