कायरॉस पॅलेस्टाईन

कायरॉस पॅलेस्टाईन : पॅलेस्टिनी ख्रिस्ती धर्मगुरू व कार्यकर्ते यांनी ११ डिसेंबर २००९ रोजी बेथलेहेम येथे जाहीर केलेले निवेदन आणि त्यातून उभी राहिलेली त्याच नावाची चळवळ. ‘कायरॉस’ म्हणजे निर्णयाची घटका. हे नाव दक्षिण आफ्रिकेतून आले. तेथील धर्मगुरूंनी १९८५ मध्ये वर्णभेदाविरुद्ध काढलेल्या निवेदनात सरकारइतकेच चर्चच्या गुळमुळीत भूमिकेलाही धारेवर धरले होते. बेथलेहेमच्या निवेदनाचा रोखही तसाच दुहेरी आहे.

पॅलेस्टाईनमधील ख्रिस्ती समाज अरबी बोलणारा, त्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला आहे. त्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स सर्वाधिक आहेत. त्यांच्या खालोखाल लॅटिन (रोमन) व मेल्काइट (ग्रीक परंपरेचे) कॅथलिक येतात. आर्मेनियन, सिरियन, ल्युथरन आणि अँग्लिकन संख्येने थोडे. १९२२ च्या ब्रिटिश शिरगणतीत हा समाज लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होता. आज वेस्ट बँक व गाझा मिळून तो दोन टक्केही उरलेला नाही. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले, त्यांत मुसलमानांबरोबर ख्रिस्तीही होते. पुढे अँग्लिकन धर्मगुरू झालेले नईम अतीक हे त्यांतलेच एक. बेसान गावातून त्यांच्या कुटुंबाला घालवण्यात आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी जेरुसलेममध्ये ‘सबील’ हे केंद्र उभारले आणि पीडितांच्या बाजूने बायबल वाचणारा पॅलेस्टिनी मुक्तिवादी धर्मविचार मांडला. त्यांच्यापुढचा प्रश्न मोठा अवघड होता : ज्या बायबलमधील ‘वचनदत्त देशा’चा (देवाने ज्यूंना देऊ केलेल्या भूमीचा) दाखला देऊन आपले घर हिरावले गेले, तेच बायबल रविवारी आपल्याच लोकांपुढे कसे वाचायचे?

जेरुसलेममधील चर्चची वरिष्ठ पदे दीर्घकाळ परकीयांकडेच होती. नाझरेथचे मिशेल सब्बाह डिसेंबर १९८७ मध्ये लॅटिन पॅट्रिआर्क (तेथील रोमन कॅथलिकांचे प्रमुख) म्हणून नेमले गेले, तेव्हा त्या पदावर प्रथमच पॅलेस्टिनी माणूस आला. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला तो याच महिन्यात. कायरॉस निवेदनाच्या कर्त्यांमध्ये सब्बाह, अतीक, ल्युथरन पास्टर मित्री राहेब, ऑर्थोडॉक्स आर्चबिशप अताल्लाह हन्ना असे वेगवेगळ्या पंथांचे लोक आहेत. पवित्र स्थळांतील हक्कांवरून शतकानुशतके भांडत आलेल्या पंथांचेही लोक एका मसुद्यावर सही करतात, ही गोष्ट लहान नव्हे.

श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन धाग्यांवर निवेदन विणले आहे. इस्रायलने उभारलेली विभाजक भिंत, ज्यू वसाहती, तपासणी नाके, गाझाची कोंडी, कैदी आणि निर्वासित यांचे वर्णन करून पॅलेस्टिनी भूमीवरील इस्रायलचा ताबा हे देवाविरुद्ध व माणसाविरुद्ध पाप आहे, असे ते स्पष्ट म्हणते. प्रतिकार हा ख्रिस्ती माणसाचा हक्क आणि कर्तव्य आहे. मात्र तो प्रीतीच्या मार्गाने, शत्रूतही देवाची प्रतिमा पाहून करायचा. ताब्यातून निघालेल्या मालावर बहिष्कार व गुंतवणूक काढून घेणे ही त्याची सुचवलेली साधने. ज्यूद्वेष आणि इस्लामद्वेष या दोहोंचा ते निषेध करते. निवेदनाचा गाभा मात्र जगातील चर्चना केलेल्या विनवणीत आहे : आमच्यावरील अन्यायावर धर्मविचाराचे पांघरूण घालू नका, या आणि स्वतः पाहा. इस्रायलच्या प्रत्येक धोरणाला बायबलची वचने जोडणारा ख्रिस्ती झायनवाद अमेरिकेत अतिशय प्रबळ आहे. म्हणूनच ही विनवणी मुळावर बोट ठेवणारी ठरते.

स्वतः येऊन पाहण्याची एक सोय आधीच झालेली होती. जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांच्या हाकेवरून जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये सोबतकार्यक्रम सुरू केला. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक सुमारे तीन महिने तेथे राहतात. कामावर जाणाऱ्या मजुरांच्या पहाटेच्या रांगांपाशी ते नाक्यावर उभे राहतात, शाळकरी मुलांबरोबर चालतात, ऑलिव्हच्या तोडणीला हजर राहतात आणि दिसेल ते नोंदवतात.

बेथलेहेमलगतच्या बैत जाला येथील क्रेमिसान खोऱ्यात हा प्रतिकार आणखी जवळून दिसतो. तेथे सलेशियन या कॅथलिक संघाच्या संन्याशांचा मठ व द्राक्षमळे आहेत, भगिनींची शाळा आहे. विभाजक भिंतीच्या आखणीमुळे ५८ ख्रिस्ती कुटुंबे आपल्या जमिनींपासून तुटणार होती. धर्मगुरूंनी दर शुक्रवारी ऑलिव्हच्या झाडांखाली उघड्यावर मिस्सा (कॅथलिक उपासना) सुरू केली. परदेशी वकिलातींचे अधिकारीही तिला येऊन बसत. न्यायालयातील लढाई सब्बाह यांनी स्थापलेल्या सेंट इव्ह या कॅथलिक संस्थेने चालवली. एप्रिल २०१५ मध्ये इस्रायली उच्च न्यायालयाने आखणीचा फेरविचार करण्यास सांगितले, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाडे उपटून भिंतीचे काम सुरू झाले.

बाहेरच्या चर्चचा प्रतिसाद संमिश्र राहिला. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने २०१४ मध्ये कॅटरपिलर, ह्यूलेट-पॅकार्ड व मोटोरोला सोल्युशन्स या कंपन्यांतील गुंतवणूक काढण्याचा ठराव ३१० विरुद्ध ३०३ मतांनी संमत केला. सात मतांचा हा फरकच चर्चमधील दुफळी सांगतो. व्हॅटिकनने २०१५ मध्ये ‘पॅलेस्टाईन राज्या’शी करार केला. अमेरिकी रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) एका संघटनेने मात्र निवेदनावर कडक टीका केली : त्यात ज्यूंचे या भूमीशी असलेले नाते पुसले जाते आणि दहशतवादाची जबाबदारी सौम्य केली जाते. हिंसेविषयीचा भाग तोकडा आहे, हे मान्य करावे लागते. पण त्यासाठी सगळे निवेदन बाजूला सारणे म्हणजे त्यातील अहिंसेचा आग्रह न वाचणे होय.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यानंतर गाझावर युद्ध लादले गेले. गाझात तेव्हा जेमतेम हजारभर ख्रिस्ती होते. त्यांतील अनेकांनी चर्चच्या आवारात आसरा घेतला. १९ ऑक्टोबरला सेंट पोर्फिरियस या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चच्या आवारातील इमारत इस्रायली हवाई हल्ल्यात कोसळून १८ जण ठार झाले. त्या वर्षी बेथलेहेममध्ये नाताळचा उत्सव झाला नाही. ल्युथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती काळा-पांढरा रुमाल गुंडाळून सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवली होती. तेथील पास्टर मुंथर इसहाक यांनी नाताळाच्या प्रवचनात पाश्चात्त्य चर्चना त्यांच्या मौनाबद्दल आणि सहभागाबद्दल जाब विचारला.