एकाच बाभळीच्या दोन वाट्या : आडवे तंतू आणि उभे तंतू

सांगलीतील माझ्या घरी फडताळात दोन लाकडी वाट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. दोन्ही एकाच बाभळीच्या लाकडातून, एकाच लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) कातलेल्या. दोन्हींचा व्यास 5 इंच आणि उंची 2 इंचांच्या आसपास. पाहणाऱ्याला ती जोडी वाटते. प्रत्यक्षात एकीत तेल ठेवता येते, दुसरीत ठेवले तर ते तळातून झिरपून फळीवर उतरते. एक वाळताना किंचित लंबगोल झाली, तर दुसरी गोल राहिली, परंतु तिच्या तळाला चीर गेली. कातत असताना ज्या दिशेने हत्यार नेले की पहिलीचे लाकूड रेशमासारखे सुटत होते, त्याच दिशेने नेले की दुसरीचे लाकूड उचकटत होते. या सगळ्या फरकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लेथच्या आसाशी लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने धावत होते. नव्याने कातकाम शिकणारे बहुतेक जण हत्यारांची आणि यंत्राची चौकशी बारकाईने करतात, पण हा प्रश्न विचारत नाहीत, आणि त्यामुळे दोन वेगळ्या कामांना एकच समजतात. म्हणून हा फरक सविस्तर मांडावासा वाटला.

झाडाचे तंतू खोडाच्या लांबीने, मुळाकडून शेंड्याकडे धावतात. आपल्याकडे बांधावर ठेवलेली उसाची मोळी डोळ्यांसमोर आणावी: बाजूने पाहिले तर लांब कांडी दिसतात आणि टोकाकडून पाहिले तर नुसती गोल तोंडे. लाकडाचेही तसेच असते. लांबीच्या बाजूने ते गुळगुळीत रेषांचे दिसते, तर आडवे कापलेल्या तोंडावर सूक्ष्म नळ्यांची उघडी टोके असतात. त्या टोकांच्या बाजूला या लेखात मी छेदाचे तोंड म्हणणार आहे.

स्वयंपाकघरातील लाटणे आणि पोळपाट हे दोन्ही लेथवरच तयार होतात, परंतु त्यांच्यात कोणाचा घोळ होत नाही. लाटण्यात तंतू आसाला समांतर, म्हणजे लाटण्याच्या लांबीने जातात. पोळपाटात ते आसाला आडवे, म्हणजे चकतीच्या एका काठाकडून समोरच्या काठाकडे जातात. मिरजेत सतार आणि तंबोऱ्याच्या खुंट्या कातल्या जातात, त्या सगळ्या लाटण्याच्या जातीच्या. शिसवीची खुंटी आडव्या तंतूंची केली तर पिळताच मोडेल. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा भोपळ्याविषयी आणि तारांविषयी पुष्कळ लिहिले गेले, खुंटीतील तंतूंच्या दिशेविषयी कोणी लिहावे असे मला अजूनही वाटते.) वाटी मात्र अशी वस्तू आहे की ती लाटण्याच्या रीतीनेही करता येते आणि पोळपाटाच्या रीतीनेही, आणि तयार झाल्यावर दोन्ही वाट्याच दिसतात. घोटाळा होतो तो येथे.

लाटण्याच्या रीतीची वाटी करायला 5–6 इंच जाडीची फांदी पुरते. फांदीचा आखूड तुकडा घ्यायचा आणि त्याची लांबी आसाच्या रेषेत ठेवून तो चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांच्या पकडीत, धरायचा. मग तंतू वाटीच्या तळाकडून काठाकडे उभे जातात. पोळपाटाच्या रीतीच्या वाटीला मोठे खोड लागते. ते आधी लांबीत मधोमध चिरून भेंड, म्हणजे खोडाचा अगदी मधला मऊ भाग, काढून टाकायचे, मग अर्ध्या ओंडक्यातून गोल चकती कापायची आणि ती सपाट बाजूने फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या धातूच्या सपाट तबकडीवर, स्क्रूने बसवायची. फांदी सहज मिळते, सरपण म्हणून फुकटही मिळते, त्यामुळे शिकणारा माणूस न कळत पहिल्या रीतीकडे वळतो. माझीही पहिली वाटी अशीच झाली. धरण्याच्या बाबतीतही फरक आहे: छेदाच्या तोंडात घातलेला स्क्रू तंतूंच्या मधे शिरतो आणि त्याची पकड कच्ची राहते, म्हणून उभ्या तंतूंच्या तुकड्याला तळाशी गोल मान काढून ती चकच्या जबड्यात धरणे बरे, आडव्या तंतूंत मात्र स्क्रू घट्ट बसतो.

आता कापण्याच्या दिशेकडे वळू, कारण खरा अभ्यास येथेच आहे. विळ्याने गवत कापताना आपण डाव्या हाताने त्याची मूठ धरतो. मोकळे गवत विळ्यापुढे वाकते, धरलेले गवत कापले जाते. लाकडाच्या तंतूलाही असाच आधार हवा असतो. जो तंतू कापायचा त्याच्या मागे, हत्यार ज्या बाजूला जात आहे त्या बाजूला, दुसरा तंतू घट्ट उभा असेल तर काप स्वच्छ येतो. मागे मोकळी जागा असेल तर तंतू कापला न जाता मुळापासून उचकटतो आणि पृष्ठभागावर बारीक खळगे पडतात. आडव्या तंतूंच्या वाटीत बाहेरच्या बाजूने हा आधार बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे जाताना मिळतो, आणि आतल्या बाजूने काठाकडून तळाच्या मध्याकडे येताना मिळतो. उभ्या तंतूंच्या वाटीत हे नेमके उलट आहे: बाहेरून मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे उतरायचे, आणि आतून तळाच्या मध्यापासून सुरुवात करून काठाकडे यायचे. लाटणे किंवा खुंटी कातणाऱ्याचा हात नेहमीच उंचवट्यावरून खोलगटाकडे उतरत असतो, त्यामुळे त्याला उभ्या तंतूंच्या वाटीचे बाहेरचे अंग आपोआप जमते आणि आडव्या तंतूंच्या वाटीशी पहिल्या दिवशी त्याचे भांडण होते.

आडव्या तंतूंच्या वाटीची आणखी एक अडचण आहे. एका फेऱ्यात हत्यारापुढे दोनदा लांब तंतू येतात आणि दोनदा छेदाचे तोंड येते. लेथ मिनिटाला 1200 फेरे घेत असेल तर छेदाचे तोंड मिनिटाला 2400 वेळा हत्याराला सामोरे येते, आणि कठीण-मऊ असा हा बदल हाताला सूक्ष्म थरथरीसारखा जाणवतो. योग्य दिशेने कापले तरी समोरासमोरच्या दोन ठिकाणी पृष्ठभाग खरखरीत राहण्याचा धोका असतो. घासायचा कागद (सँडपेपर) लावून तो लपल्यासारखा वाटतो, पण तेल लावताच तेथे काळपट डाग उमटतात. उपाय कागदाचा नाही. हत्यार दगडावर पुन्हा धार लावून घ्यावे आणि शेवटचे दोन-तीन हात अगदी हलके, सावकाश द्यावेत. उभ्या तंतूंच्या वाटीत कडेने कुठेही असा डाग पडत नाही. तिची दुखरी जागा आतल्या तळाला असते, कारण तो सगळाच छेदाच्या तोंडाचा बनलेला असतो.

हत्यारांविषयी एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे. लांब काम गोल करण्यासाठी जी रुंद, उथळ गोल पटाशी वापरतात, ती आडव्या तंतूंच्या वाटीला कधीही लावू नये. तिचा मुठीत शिरणारा भाग पात्यापेक्षा अरुंद आणि पातळ असतो. वाटीच्या काठावर पाते अडकले की तो भाग मोडून पाते उडू शकते. वाटीसाठी गोल गजापासून केलेली, खोल पन्हळीची जाड गोल पटाशी वेगळी असते आणि तिचा दांडा मुठीच्या आतपर्यंत तितकाच भरीव असतो. उभ्या तंतूंच्या वाटीचे आतले अंग पोकळ करताना आधी मधोमध गिरमिटाने खोलीपर्यंत भोक पाडून घेतले की मध्यापासून बाहेर यायला जागा मिळते. गतीचा हिशेब दोन्हींना सारखाच लागू पडतो: व्यास इंचांत धरून त्याने फेऱ्यांना गुणले की गुणाकार 6000 ते 9000 यांच्या दरम्यान असावा, म्हणजे 5 इंची वाटीला 1200 ते 1800 फेरे, तुकडा पूर्ण गोल होईपर्यंत मात्र यापेक्षा बरेच कमी.

झिरपण्याचा प्रकार मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. फांदीची ती पहिली वाटी मला इतकी आवडली होती की दिव्याचे तेल ठेवायला मी ती देवघरात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा कागद पारदर्शक झालेला होता. तळ चांगला बोटभर जाड होता, कुठे भोक नव्हते, तडाही तेव्हा नव्हता. उभ्या तंतूंच्या वाटीचा तळ म्हणजे असंख्य उभ्या नळ्यांचा जुडगा असतो. वरून ओतलेला द्रव पदार्थ त्या नळ्यांतूनच खाली उतरतो, आणि जाडी वाढवली तर त्याला फक्त उशीर होतो. आडव्या तंतूंच्या वाटीत त्या नळ्या तळात झोपलेल्या असल्याने द्रवाची वाट अडते. तिच्याही कडांना समोरासमोर दोन जागी नळ्या भिंतीतून आरपार जातात, त्यामुळे भिंत फार पातळ ठेवली तर तेथे ओल दिसू शकते, पण द्रव ज्या तळावर बसून असतो तो तळ तरी बंद राहतो. भाकरीचे पीठ मळण्याची काठवट लांबीत चिरलेल्या खोडातून कोरतात आणि लाकडी उखळ उभ्या खोडाच्या तुकड्यात पोखरतात, यामागेही हीच जाण आहे. काठवटीत पाणी असते; उखळाला पाण्याशी देणेघेणे नसते, त्याला मुसळाचे घाव सोसायचे असतात, आणि घाव सोसण्यात छेदाचे तोंड लांब तंतूंपेक्षा कितीतरी चिवट असते.

वाळण्यातील फरकही तंतूंच्या दिशेतूनच येतो. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसतच नाही. आडवे मात्र आकसते, आणि वाढीच्या वर्तुळांच्या बाजूने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग त्रिज्येच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आणि वर्तुळाच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो. म्हणजे ओल्या सागाच्या 5 इंची आडव्या तंतूंच्या वाटीचा एक व्यास जवळपास 7 मिलिमीटरपर्यंत घटू शकतो आणि त्याला काटकोनातला व्यास अर्धा मिलिमीटरही घटत नाही. घरातले लाकूड पूर्ण कोरडे कधीच होत नसल्याने प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही, तरी लंबगोल डोळ्यांना कळतो. म्हणून ही वाटी दोनदा कातावी: ओली असताना भिंत व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी जाड ठेवायची, काही महिने तिच्याच भुशात झाकून सावलीत ठेवायची, आणि वाकायची तेवढी वाकून झाल्यावर पुन्हा गोल करायची. आमच्याकडे चैत्र-वैशाखात उघड्यावर ठेवलेला ओला तुकडा फार लवकर तडकतो; साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात तोच तुकडा महिनोन्‌महिने जसाच्या तसा ओला राहतो, तेव्हा किती दिवस ठेवायचे हे गाव आणि हंगाम पाहूनच ठरवावे लागते. अधूनमधून वाटीचे वजन करून ते घटायचे थांबले का, हे पाहणे सर्वांत भरवशाचे.

उभ्या तंतूंची वाटी सर्व बाजूंनी सारखीच आकसते आणि म्हणून बरीचशी गोल राहते. पण फांदीचे भेंड तिच्या तळात राहिले असेल तर परीघ जेवढा आकसू पाहतो तेवढी त्रिज्या आकसत नाही, आणि तो ताण भेंडापासून बाहेर जाणाऱ्या चिरीतून मोकळा होतो. माझ्या वाटीच्या तळाला गेलेली चीर हीच. भेंड नसलेला, म्हणजे मोठ्या खोडाच्या एका बाजूने काढलेला तुकडा घेतला तर हा धोका पुष्कळ कमी होतो. हळदी-कुंकवाचा झाकणाचा करंडा या रीतीने करणेच योग्य, कारण त्याचे तोंड गोल राहिले नाही तर झाकण बसणार नाही, आणि त्यात पडायची ती कोरडी पूडच.

तयार वाटी हातात आली तर ती कोणत्या जातीची हे ओळखायला तळ पाहावा. आतल्या तळावर एकात एक वर्तुळे दिसली आणि भिंतीवर चहूबाजूंनी रेषा बुडाकडून काठाकडे उभ्या गेल्या असतील तर ती उभ्या तंतूंची. तळावर लांबट वळणे किंवा समांतर रेषा असतील, आणि भिंतीच्या दोन समोरासमोरच्या बाजू बाकीच्या दोन बाजूंपेक्षा गडद व ठिपकेदार दिसत असतील, तर ती आडव्या तंतूंची. सागात वर्तुळे स्पष्ट असतात; बाभळीत ती इतकी पुसट असतात की भिंतीवरून ओळखणे सोपे जाते. चटणी, तेल, दही यांसाठी विकत घ्यायची असेल तर दुसऱ्या जातीचीच घ्यावी. कातायला सुरुवात करणाऱ्यानेही पहिली वाटी आडव्या तंतूंचीच करावी असे माझे मत आहे. ती करायला अवघड असली तरी वापरात टिकते. आता मी लाकूड आणले की करवत लावण्याआधी प्रत्येक तुकड्यावर तंतूंच्या दिशेने खडूचा बाण काढतो, आणि तो तुकडा लेथवर चढेपर्यंत पुसू देत नाही.